सोळा पानांचं पुस्तक

नुकतंच वाचायला शिकलेल्या मोठ्या माणसासाठी जे पुस्तक लिहितात, ते बहुतेक वेळा सोळा पानांचं असतं. अक्षर ठळक, अठरा ते चोवीस पॉइंटांचं. पानावर पाच-सहा ओळी आणि उरलेल्या जागेत चित्र. वाक्य पाच-सात शब्दांत पुरं व्हावं लागतं आणि पान उलटताना ते मध्येच तुटून चालत नाही. जोडाक्षरं होतील तितकी टाळायची. ‘प्रत्येक घरी’ असं मनात आलं तरी ‘घरोघरी’ लिहायचं. ‘स्वयंपाक केला’ऐवजी ‘जेवण रांधलं’. लेखकाचं नाव आतल्या पानावर बारीक टाइपात येतं. मानधन मिळालं तर जाण्यायेण्याचा खर्च निघतो. अशा पुस्तकाचं परीक्षण कुठे छापून येत नाही आणि ग्रंथालयाच्या कपाटात ते फार दिवस राहत नाही, कारण हातोहाती फिरून ते लवकर फाटतं.

अशी पुस्तकं मी कित्येक वर्षं लिहिली. लेखन कशासाठी करायचं, या प्रश्नाचं जे काही उत्तर माझ्यापाशी आहे ते मला याच पुस्तकांनी दिलं.

मी कुडाळ तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. नोकरी सांभाळून कथा लिहायचे. दिवाळी अंकांत त्या छापून यायच्या आणि छापलेलं नाव पाहून आनंद व्हायचा. त्या आनंदात काही गैर होतं असं मला आजही वाटत नाही. पण साक्षरतेची मोहीम आमच्या जिल्ह्यात आली आणि माझ्या लिहिण्याला समोर बसलेली माणसं मिळाली.

राष्ट्रीय साक्षरता मिशन ५ मे १९८८ रोजी सुरू झालं. पंधरा ते पस्तीस वयाच्या निरक्षरांना कामापुरतं वाचता, लिहिता आणि हिशेब करता यावा, हा त्याचा उद्देश. केरळातला एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये देशातला पहिला साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि तिथली पद्धत इतर राज्यांनी उचलली. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांनी आधी पाऊल टाकलं, त्यांत आमचा सिंधुदुर्ग होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा साक्षरता समिती झाली, गावोगाव कलाजथे फिरले, कॉलेजातली मुलं-मुली स्वयंसेवक म्हणून पुढे आली. १९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या सात वर्षांवरच्या बायकांत साक्षरतेचं प्रमाण सुमारे ५२ टक्के होतं. म्हणजे जवळजवळ दर दुसरी बाई अंगठा उठवणारी.

वर्ग रात्री भरायचे. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, पोरं निजली की बायका कोणाच्या तरी पडवीत नाहीतर खळ्यात जमायच्या. मध्ये कंदील. लावणीच्या दिवसांत वर्ग बंद, कारण दिवसभर चिखलात वाकलेल्या पाठीला रात्री बसवत नसे. कोयतीची आणि मुसळाची सवय असलेल्या बोटांना पेन्सिल फार हलकी वाटायची. त्या ती इतकी दाबून धरत की टोक मोडायचं. वाचनपाठाच्या तीन पुस्तिका होत्या. सुरुवात अ-आ-इपासून नव्हती. रोजच्या वापरातला एखादा शब्द घ्यायचा, त्यावर बोलायचं, मग त्यातली अक्षरं सुटी करायची. तिन्ही पुस्तिका संपेपर्यंत बाई आपलं नाव लिहू लागायची, एसटीची पाटी वाचायची, आठवड्याच्या बाजाराचा हिशेब मांडायची.

खरी अडचण त्यानंतर होती. पुढे वाचायचं काय? वर्तमानपत्राचं अक्षर बारीक, पुस्तकं जाड, त्यांतली वाक्यं लांब. आणि मोठेपणी शिकलेलं अक्षर वापरात राहिलं नाही तर काही महिन्यांत पुसट होतं. म्हणून चार-पाच गावं मिळून एक जनशिक्षण निलयम असायचं, तिथे एक प्रेरक असायचा, आणि तिथे ठेवायला सोपं वाचनसाहित्य लागायचं. ते लिहायला आम्हा शिक्षकांना बोलावलं.

लिहायचं कोणासाठी हे कळायला मला कोकणातलं टपाल आठवावं लागलं. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईत. गिरणीत, गोदीत, खानावळीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबला आणि कितीतरी चाकरमानी गावी परतले. तरी मुंबईचा ओघ काही आटला नाही. घर चालायचं ते मनीऑर्डरवर. भारतात टपालाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली, आणि त्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळींच्या निरोपाची जागा असायची. पोस्टमन खळ्यात यायचा, नोटा मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि तो तुकडा वाचून दाखवायचा. सासू ऐकायची, जाऊ ऐकायची, शेजारीण कुंपणापाशी थांबून ऐकायची. नवऱ्यालाही हे माहीत असायचं. म्हणून तो चारचौघांनी ऐकावं असंच लिहायचा.

उत्तर लिहायला बायका शाळेतल्या पोराला धरायच्या, नाहीतर माझ्याकडे यायच्या. मी अशी पुष्कळ पत्रं लिहून दिली आहेत. सांगणारी दोन वाक्यं सांगायची. भात किती झालं, म्हशीचं काय, म्हाताऱ्याचं औषध कुठून आणायचं. मग थांबायची. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, “बाकी सगळा बरा आसा म्हणान लिवा.” त्या थांबण्यात जे होतं ते माझ्यासमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. माझा हात कितीही भरवशाचा असला तरी तो परक्याचाच हात होता.

साक्षरतेच्या घोषणांत प्रगती, विकास, देश असे शब्द असत. वर्गात येणाऱ्या बायकांना मी विचारलं, की दिवसभर राबून तुम्ही रात्री का येता? कोणी म्हणालं रेशनचं कार्ड वाचायला, कोणी म्हणालं पोरगा फसवतो त्याची प्रगतिपुस्तकावरची सही बघायला. एकजण बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “घोवाचा पत्र माजा माका वाचूचा आसा.” बाकीच्या हसल्या नाहीत. सगळ्यांच्या मनातलंच ती बोलली होती.

पुस्तकं लिहिण्यासाठी कार्यशाळा व्हायची. दहा-पंधराजण एकत्र राहायचे: शिक्षक, एखादी आरोग्यसेविका, एखादा कवी, चित्र काढणारा एकजण. दिवसा लिहायचं आणि रात्री जवळच्या गावातल्या वर्गात जाऊन ते वाचायला द्यायचं. याला आम्ही पडताळणी म्हणत असू. तिचा नियम कडक होता. लेखकाने काही समजावून सांगायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, फक्त बघायचं. वाचणारी शब्दाखाली बोट ठेवून वाचते. बोट जिथे अडेल तिथे आपल्या कागदावर खूण करायची. खुणा जास्त झाल्या की ते वाक्य पुन्हा लिहायचं.

त्या बोटाकडे बघत बसणं हे माझ्या लेखनाचं खरं शिक्षण. दिवाळी अंकातली कथा कोण वाचतं, कुठे थांबतं, कुठे कंटाळतं, हे कधी दिसत नाही. इथे वाचणारीचा श्वास ऐकू यायचा. वाक्य लांबलं की दम संपायचा आणि तिला पुन्हा पहिल्या शब्दावर यावं लागायचं. विशेषणापाशी बोट थांबायचं आणि पुढे काही मिळत नसे. क्रियापदापाशी आलं की चेहरा बदलायचा: आली, गेली, रडली, उठली. काहीतरी घडलं हे तिला कळायचं. अक्षर सोपं असूनही बोट अडलं, तर तिथे हमखास उपदेश असायचा. ‘स्वच्छतेचं महत्त्व’ सांगायला लागलं की बाई वर बघायची. तिच्या घरचं सारवलेलं खळं आमच्या शाळेच्या अंगणापेक्षा स्वच्छ असे.

एक गोष्ट तिथे पक्की झाली. नवसाक्षर बाई अक्षरांना नवी असते, जगण्याला नाही. बाळंतपण, कर्ज, मरण, भाऊबंदकी यांतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिच्यासाठी शब्द सोपा हवा, गोष्ट पोरवयाची नको. पाच शब्दांच्या वाक्यातही पूर्ण दुःख मावतं, आणि ते मावेपर्यंत लिहीत राहायचं.

मी मनीऑर्डरवर एक गोष्ट लिहिली होती. गोष्टीतली बाई वर्गात जाऊ लागते, पोस्टमन येतो, अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे करतो आणि ती म्हणते, “पेन द्या.” सही करते. गोष्ट तिथे संपत होती. पडताळणीला एका वाडीत गेलो. बायकांनी आळीपाळीने वाचलं, शेवटच्या पानावर सगळ्यांची बोटं नीट पोचली. मी कागद गोळा करायला लागले तेव्हा एकीने विचारलं, “आणि त्या तुकड्यावर काय लिवलेला होता?”

मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

मग त्या सांगत बसल्या. कंदिलातलं तेल एकदा घालून झालं तरी उठेनात. एक म्हणाली, त्याने लिहिलं असेल की सणाला येतो. दुसरी म्हणाली, छे, रजा कुठे मिळते, लिहिलं असेल की पैसे जपून खर्च कर. तिसरी वयाने मोठी, तिचा नवरा आयुष्यभर गोदीत होता. ती म्हणाली, “आंब्याक मोवर इलो काय, इतक्याच इचारल्यान असतला.” सगळ्या एकदम गप्प झाल्या. मुंबईतल्या एका खोलीत दहाजणांत पथारी पसरणारा माणूस घरच्या आंब्याला मोहर आला का एवढंच विचारतो, आणि त्यात जे विचारायचं ते सगळं येतं, हे त्या खळ्यातल्या प्रत्येकीला समजलं.

छापील पुस्तकात शेवटच्या पानावर तेच वाक्य आलं. सही करून झाल्यावर गोष्टीतली बाई आत जाते, दार लोटते आणि तो तुकडा आपला आपण वाचते. पुढे ज्या ज्या निलयमात मी ते पुस्तक पाहिलं, तिथे ते पान सगळ्यात मळलेलं असायचं. माझं नाव कोणालाही माहीत नव्हतं. गोष्ट मात्र ‘मोवराची गोष्ट’ म्हणून ओळखली जात होती.

दुसरं एक पुस्तक आम्ही फुगडीच्या गाण्यांचं केलं. गणपतीत आमच्याकडे बायका रात्र-रात्र फुगड्या घालतात. गाणी तोंडपाठ. शब्द ठाऊक असल्यामुळे अक्षर ओळखायच्या आधी जीभ पुढे धावते आणि मग डोळा तिच्या मागोमाग येऊन खात्री करून घेतो. वाचनाला वेग यायला याहून चांगला मार्ग मला सापडला नाही. पण त्या पुस्तकाने आणखीही काही केलं. आपण जे गातो ते छापण्याच्या लायकीचं आहे, हे त्या बायकांना पहिल्यांदा दिसलं. बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. त्यांची गाणी मुलाने आणि घरच्यांनी ऐकून टिपून ठेवली, आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. शेतात आणि जात्यावर रचलेल्या त्या गाण्यांमागे पैसा नव्हता, नाव नव्हतं. राबताना मनात आलेलं बोलून टाकायची ओढ होती. आमच्या वाड्यांतही अशा रचणाऱ्या होत्या. टिपून घेणारं कोणी नव्हतं, इतकंच.

लिहिलेलं लोकांसमोर वाचून बघायची रीत मराठीत नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना वाचून दाखवला होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या कानांवर ते आधी पडावं, हे जोतीरावांना गरजेचं वाटलं. आपल्या वाङ्मयाच्या चर्चेत या गोष्टीला जितकं मोल मिळायला हवं तितकं मिळालेलं नाही. जो वाचू शकत नाही तोही वाचक असतो, आणि त्याच्यासमोर उभं राहून वाचण्याचं धैर्य ज्या लेखनात आहे ते कुठेही टिकतं.

काही काळाने पोस्टकार्डं यायला लागली. शाळेच्या पत्त्यावर, नुसतं ‘बाई’ असं लिहून. अक्षर वाकडं, मात्रा कधी आधीच्या अक्षरावर तर कधी नंतरच्या, ओळ कडेला जाऊन खाली वळलेली. एकीने म्हैस व्यायल्याचं कळवलं होतं. एकीने लिहिलं होतं की मुलगा सातवी पास झाला आणि निकाल मी वाचला. बहुतेकींचा शेवट सारखा असायचा: पुढचं पुस्तक कधी? या पत्रांतून मला ज्याची भूक होती ते मिळालं. शाबासकीची एक ओळ त्यांत नसे. एका माणसाने दुसऱ्याला आपली खुशाली कळवावी तशी ती असत, आणि त्या ओळींत मी त्यांच्या घरची होते.

पण मला सगळ्यात मोलाची वाटतात ती पत्रं मी कधी पाहिलीच नाहीत. घोवाचं पत्र आपलं आपण वाचायचं आहे असं जी म्हणाली होती, ती पुढे लिहायला शिकली. एक दिवस रस्त्यात भेटली, पिशवीतून निळं आंतरदेशीय पत्र काढून तिने मला पत्ता तेवढा दाखवला. बरोबर आहे का बघा म्हणाली. पत्ता बरोबर होता. आतला मजकूर चिकटवून बंद केलेला होता. तिने तो कोणालाही दाखवला नव्हता आणि मला दाखवायचं तर कारणच नव्हतं. पोस्टमन, शाळेतलं पोर आणि मी, आम्ही तिघेही आता तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या मधून बाजूला झालो होतो. लेखनाने माणसं जोडली जातात असं आपण म्हणतो. जोडून झाल्यावर लिहिणाऱ्याने दूर व्हायचं असतं, हे मला तिच्या बंद पत्राने शिकवलं.

पैशाविषयी मला सरळ बोलायचं आहे. मला महिन्याचा पगार होता, म्हणून ही पुस्तकं मी लिहू शकले. ज्याचं घर लेखणीवर चालतं त्याला योग्य मोबदला मिळालाच पाहिजे आणि तो मागण्यात कमीपणा नाही. नावाचंही तसंच. आपलं लेखन दहाजणांनी ओळखावं ही इच्छा माणसाची आहे. माझा अनुभव इतकाच की या दोन्ही गोष्टी वाक्य लिहिताना उपयोगी पडत नाहीत. कागदासमोर बसल्यावर मानधनाचा विचार केला तर वाक्य लांबतं, आणि नावाचा विचार केला तर ते सजतं. समोर एक चेहरा असला की ते नेमकं होतं. मी नंतर ज्या कथा लिहिल्या त्यांतही मी आधी ठरवत असे की ही कोणाला सांगते आहे. चेहरा ठरला की पहिलं वाक्य येई.

मोहिमेचा जोर पुढे ओसरला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, टेलिफोनचे बूथ आले, मग घरोघरी मोबाइल. कागदी फॉर्मवरची जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. आता नवऱ्याचा आवाज थेट कानात येतो आणि ती सोय मोठी आहे. तरी शिकायची भूक संपलेली नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून तिथे जाऊ लागल्या. त्यांना नोकरी मिळवायची नव्हती, परीक्षेत पहिलं यायचं नव्हतं. वाचता यावं, एवढ्यासाठी त्या आल्या. लिहिण्याचंही हेच कारण पुरेसं असतं.

मी निवृत्त झाले आहे. आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकांबरोबर सध्या एक भित्तिपत्रक चालवते. समाजमंदिराच्या भिंतीवर ते लागतं. त्यात मी लिहीत नाही, लिहितात त्या. काजूच्या बिया सोलताना बोटं कशी चिकाने भाजतात, बँकेत पहिल्यांदा एकटीने गेल्यावर काय झालं, मुंबईतल्या सुनेशी काय बोलावं हे कळत नाही, अशा मजकुराची चार पानं. माझं काम पडताळणीचं. एकीचं लिहिलेलं दुसरीला वाचायला देते आणि बोट कुठे थांबतं ते बघते. लिहिणारीही शेजारी बसून बघते. आपलं वाक्य दुसरीच्या तोंडून ऐकताना ती जे शिकते ते मी सांगून तिला कळलं नसतं.

लिहू पाहणारी तरुण मुलं-मुली अधूनमधून येतात. कुठे पाठवू, छापून येईल का, त्यावर पोट भरेल का, असं विचारतात. प्रश्न खरे आहेत आणि जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगते. मग त्यांना एक काम देते. जे लिहिलं आहे ते ज्याच्याविषयी आहे त्याला, नाहीतर घरातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा. मध्ये काही समजावू नका. तो कुठे हलतो, कुठे पुढे सरकतो, कुठे आपलं काही सांगायला लागतो ते बघा. बहुतेकजण परत येत नाहीत. जे येतात ते छापण्याविषयी नंतर विचारतात. आधी सांगतात ते हे, की आजी मध्येच थांबवून बोलायला लागली आणि तिने जे सांगितलं ते आम्हाला घरात कोणालाच माहीत नव्हतं. ज्यांना हे मिळालं, त्यांच्या लिहिण्याची मला काळजी वाटत नाही. छापून येवो न येवो, ती लिहीत राहतात.